पेलाभर दूध

अंजूने पेल्याला हात मारला, तसं सगळं दूध तृप्तीच्या मांडीवर सांडलं.

"नाही पित ना," तृप्ती म्हणाली. "माह्या हातानं नाहीच पित थे."

हर्षा चुलीपाशी बसली होती. अंजूने तिच्याकडे हात पसरले आणि हाक मारली, "माय!"

तृप्ती पदराने मांडी पुसू लागली. पुसायला काही उरलं नव्हतं, तरी पुसत राहिली.

अंजू तृप्तीची लेक. ती तान्ही असतानाच तृप्तीच्या छातीत गाठ निघाली आणि नागपूरला उपचार सुरू झाले. तेव्हा सिहोऱ्याच्या या घरात मोठ्या जावेने, हर्षाने, अंजूला पदराखाली घेतलं. हर्षाचा मुलगा भूपेंद्र तेव्हा अजून अंगावर पीत होता, म्हणून ते जमलं. आता तृप्ती बरी झाली होती. डोक्यावर केस नुकते येऊ लागले होते. घरातही ती रुमाल बांधूनच असे. दुपारी ती आणि तिचा नवरा कमलेश अंजूला घेऊन मोहाडीला, आपल्या बिऱ्हाडी जाणार होते. वरणभात अंजू कोणाच्याही हातून खायची. पण दूध म्हटलं की हर्षा.

"हर्षे," सासू मंदाबाई म्हणाली, "तू डोळ्यापुढं असलीस का पोट्टी पेल्याले तोंड लावत नाही. जाय जरा बांधीकडं."

हर्षा उठली. घरामागे भातशेताची बांधी होती, धान गुडघ्याएवढं झालं होतं. ती शेताच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. अंजूचं रडणं तिथवर ऐकू येत होतं. "माय, माय" म्हणत होती. हर्षाची चोळी ओली झाली. तिने दोन्ही हात छातीशी आवळून धरले, पण दूध थांबेना.

धुऱ्यावर कडुनिंब होता. हर्षाने वर पाहिलं, फांदी वाकवली आणि मूठभर पाला ओरबाडून घेतला.

ती पाट्यावर पाला वाटायला बसली, तेव्हा मंदाबाई तिच्याजवळ आली. 

"मले हेच सांगावंसं वाटत होतं सकाळपासून," ती म्हणाली. "पन जीभ नाही उचलली, माय."

वाटलेला पाला घेऊन हर्षा आत गेली आणि पदर सावरत बाहेर आली. तृप्तीच्या शेजारी बसून तिने अंजूला हाक मारली. अंजू रडणं विसरून धावत आली. मांडीवर चढली, स्वतःच पदर बाजूला सारला आणि तोंड लावलं.

तिचं तोंड एकदम आक्रसलं. तिने दुसरीकडे तोंड लावलं. तिथंही तेच. ओठांवर हिरवा चोथा लागला होता. तिने मान वर करून हर्षाकडे पाहिलं. रडली नाही. नुसती पाहत राहिली.

"कडू झालं," हर्षा म्हणाली. "मायचं दूध कडू झालं, बाई. आता आईजवळ जाय."

"ताई, काहून केलं असं?" तृप्ती म्हणाली.

"मंग काय करू? तूच सांग. तिकडं गेल्यावर रातभर रडन थे. तवा मी कुठून येऊ?"

अंजू मांडीवरून उतरली आणि दोघींच्या मध्ये उभी राहिली. तृप्तीने ओल्या फडक्याने तिचे ओठ पुसले. ती सरकली नाही. तृप्तीने तिला मांडीवर घेतलं, कोमट दुधाचा पेला ओठाशी नेला. भुकेलं लेकरू एक घोट प्यायलं. मग दुसरा. मग तोंड फिरवलं आणि तिचा हात तृप्तीच्या गालावरून, रुमालावरून काहीतरी चाचपू लागला. ते सापडेना, तशी ती पुन्हा कुरकुरायला लागली.

"काय पाहिजे तिले? ताई, काय पायते थे?"

हर्षाला माहीत होतं.  अंगणातून कमलेशने गाडीला पिशवी बांधल्याचा आवाज येत होता.

"कान," शेवटी ती म्हणाली. "पिताना तिले कान लागते धराले."

तृप्तीचा हात रुमालाच्या गाठीकडे गेला आणि तिथंच थांबला. दारात शेजारची शकुबाई निरोप द्यायला येऊन उभी होती. तिच्यामागे कमलेशही येऊन थांबला. तृप्तीने एकदा दाराकडे पाहिलं. मग गाठ सोडली आणि रुमाल खाली ठेवला.

अंजू त्या बारीक केसांकडे टकमक पाहू लागली. तिने तळहात त्यांच्यावरून फिरवला. उलटा फिरवला. तिथून हात खाली घसरला आणि कानाची पाळी सापडली. ती तिने चिमटीत पकडली आणि तोंड पेल्याला लावलं.

 घोट गिळल्याचा आवाज तेवढा येत होता.

हर्षा उठायला लागली.

"नका जाऊ, ताई," तृप्ती न हलता म्हणाली. "निजेपर्यंत तं बसा."

"मी दिसली तं पेला सोडन थे."

हर्षा तृप्तीच्या मागे गेली. भिंतीकडे तोंड करून, तिच्या पाठीला पाठ टेकून बसली. तृप्ती मांडीवरच्या लेकराला घेऊन हळूहळू डोलत होती. तिच्याबरोबर हर्षाही डोलू लागली.