सगळ्यांना फुकट

"क्लीओफस, तुझी लेक आज तुझ्याकडं शेंगदाण्याचं टरफलसुद्धा फेकणार नाही," हर्शल म्हणाला. "लाव पैज!"

"लावली. हरलो तर अर्नेस्टीनबाईंची हॅट घालून मिरवणुकीच्या मागनं रस्ता झाडत जाईन. पार चौकापर्यंत."

"आणि जिंकलास तर?"

"तर तू जाशील. तुला शोभायची नाही म्हणा ती. तोंड बघ."

"माझ्या हॅटला विचारलंत का कुणी?" अर्नेस्टीनबाईंनी डोक्यावरची जांभळी, पिसांची हॅट दोन्ही हातांनी धरली.

तिघं एकाच गल्लीतले. अमेरिकेतल्या मोबील गावच्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस, म्हणून सकाळीच रस्त्याकडेच्या कठड्याला घडीच्या खुर्च्या टेकवून जागा पकडलेली. मिरवणुकीतल्या गाड्यांवरून मुखवटेवाले माळा फेकतात, शेंगदाणे फेकतात, चॉकलेटात बुडवलेली गोल मूनपाय बिस्किटं फेकतात. ज्याच्या हातात पडेल त्याचं.

शेजारी मिशिगनहून आलेलं एक जोडपं उभं होतं, सोबत चिमुरडी पोर.

"काका, खिसा रिकामा झाला आमचा," पोरीचा बाप म्हणाला. "अजून काय बघता येईल इथं फुकटात?"

"खिसा लागतोय कशाला इथं?" क्लीओफस खुलला. "खाडीवर जा, पेलिकन पक्षी बघा. रविवारी दिसेल त्या चर्चमध्ये घुसा, गाणं ऐका, वर जेवण हाणा. आणि हां, त्या कोपऱ्यावर जुनी तोफ आहे. तिच्या तोंडात आपलं नाव सांगायचं. ती परत सांगते."

पाहुणा तोफेकडं निघालाच होता. अर्नेस्टीनबाईंनी त्याचा सदरा धरला. "थांबा हो! ह्याचं काही खरं धरू नका. ह्यानं बायकोच्या अंत्यविधीतसुद्धा अख्खं चर्च हसवलं होतं."

"रोझेटापण हसली असती," क्लीओफस म्हणाला.

शवपेटी उचलताना तो मोठ्यानं ओरडला होता, "रोझेटा, माझी जागा धरून ठेव गं! पुढच्या बाकावर नको, तिथं पाद्रीबाबांची थुंकी उडते!" पाद्रीबाबासुद्धा हसले होते. लेक येवेट तेवढी उठून बाहेर गेली. चार वर्षं झाली, ती बापाशी बोलली नव्हती. त्यानं दार वाजवलं तर आतला दिवा मालवायची.

आज ती शेवटच्या गाडीवर होती, मुखवटा घालून.

"पण ओळखशील कशी?" हर्शलनं विचारलं.

"डावरी आहे. चेंडू फेकायला मीच शिकवलंय तिला."

बँड आला. गाड्या आल्या. हर्शलच्या गळ्यात माळा मावेनात. क्लीओफसनं एकसुद्धा झेलली नाही. शेवटची गाडी वळणावर दिसली, तसा तो कठड्याआड वाकला.

"काय रे, लपतोस कुणाला?"

क्लीओफस मिशिगनवाल्याकडं वळला. "तुमची ती मिशिगन लिहिलेली टोपी द्या जरा. आणि तो काळा चष्मा." दोन्ही चढवलं. पोरीच्या आईला विचारून पोरीला खांद्यावर घेतलं आणि कठड्याला चिकटून उभा राहिला.

"ही लबाडी झाली!" हर्शल ओरडला.

"लबाडी कसली? हात माझेच आहेत."

गाडी आली. सगळ्यांचे मुखवटे सारखेच, पांढरे, वर रंगवलेलं हसू. अगदी मागच्या टोकाला एकजण डाव्या हातानं फेकत होती. तिला खांद्यावरची पोर दिसली. ती खाली वाकली.

"मोबीलमध्ये स्वागत आहे, काका! लुटा लुटा, सगळं फुकट आहे!"

आणि तिनं फेकलं. सरळ, छातीच्या उंचीवर, बापानं शिकवलं होतं तसं. मूनपाय क्लीओफसच्या ओंजळीत पडला.

"मला! मला!" पोर त्याची टोपी ओढायला लागली. तो हललाच नाही.

"झेललास, लबाडा!" हर्शलनं त्याच्या पाठीत थाप मारली. "जिंकलास! आणा बाई ती हॅट, घालतो."

क्लीओफसनं पोरीला खाली ठेवलं. मूनपाय तिच्या हातात दिला. टोपी आणि चष्मा ज्याचा त्याला परत केला. मग अर्नेस्टीनबाईंपुढं हात केला. "हॅट."

"अरे पण तुला मिळाला की!"

"मिशिगनवाल्याला मिळाला. मला कुठं मिळाला?"

"चेष्टेची पैज रे ती. बस खाली."

"हरलोय मी, हर्शल."

अर्नेस्टीनबाईंनी हॅट काढली. त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि स्वतःच नीट सरळ केली.

कठडा ओलांडून त्यानं सफाईवाल्याकडनं एक झाडू मागून घेतला आणि शेवटच्या गाडीच्या मागं लागला. दोन्हीकडची माणसं खदखदून हसली. त्यानं डावीकडं वाकून मुजरा केला, उजवीकडं केला. शिट्ट्या पडल्या. तेवढ्यात पुढं बँड अडकला आणि गाडी थांबली. तो तिच्या अगदी मागं होता.

"ओ ताई, ह्या हॅटवाल्यालापण द्या की एक!" कुणीतरी ओरडलं. मग सगळा रस्ताच ओरडायला लागला. "द्या! द्या!"

मुखवटा वळला.

क्लीओफसनं झाडू काखेत धरला आणि दोन्ही हात वर केले, सगळे करतात तसे. गाडीवरचा डावा हात वर गेला. मुठीत माळ होती.

बँड वाजायला लागला. गाडीला हिसका बसला आणि ती निघाली. हात तसाच वर होता, माळ तशीच मुठीत.

क्लीओफस खाली वाकला आणि रस्ता झाडायला लागला. लोक अजून टाळ्या वाजवत होते.