दारातली हापशी
गोजराबाईच्या दारापुढंच गावाची हापशी होती. नवरा गेल्यापासून पाण्याला येणाऱ्या बायांचा गलबला हीच तिची सोबत. त्यांतल्या सरिताचं तान्हं निळसर पडू लागलं, तेव्हा पाणी समितीत गोजराबाईनंच हट्ट धरून पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. पाण्यात तान्ह्या बाळांना बाधणारं नायट्रेट निघालं. सरपंच हळूच म्हणाले, "काकू, हापशी बंद केली तर तुमच्या दारात कोणी येनार नाई. इचार करा." "लेकराच्या पोटात जहर जाऊन राह्यलं, भाऊ. अजून कायचा इचार?" तिनं उभं राहून हापशीचा दांडा काढायला लावला. बाया गावाच्या दुसऱ्या टोकाला टँकरवर जाऊ लागल्या. सरिताचं बाळ सुधारलं, हे तिला उडतउडत कळलं. अंगणात दिवसभर कोणी फिरकेना. एका दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. घरातली टँकरच्याच पाण्यानं भरलेली घागर तिनं लिंबाच्या मुळाशी रिती केली, काखेत मारली आणि बायांच्या रांगेकडं निघाली.