खेळण्यातला फोटो

मिरजेत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या सदानंद माईणकरांना मेहुण्याने सिंगापूरहून डिजिटल कॅमेरा आणून दिला, साबणाच्या वडीएवढा. "वापरून बघा, भावोजी. पटला तर स्टुडिओसाठी ठेवा."

सकाळभर त्यांनी तो रस्त्यावरच्या सायकलींवर आणि समोरच्या कबुतरांवर आजमावला. बटण दाबल्यावर फोटो निघायला क्षणभर उशीर व्हायचा. तोवर सायकल पुढे गेलेली असायची, कबूतर उडालेले असायचे. "खेळणं आहे नुसतं," ते पुटपुटले.

दुपारी डबा घेऊन आलेल्या बायकोला, शैलाताईंना, त्यांनी दारात उभे केले. पुढे आलेल्या दातांमुळे त्या फोटोत कधीच हसत नसत. लग्नाच्या अल्बममध्येही ओठ घट्ट मिटलेले होते. आताही त्या तशाच उभ्या राहिल्या. माईणकरांनी बटण दाबले.

"झाला?" म्हणत त्या सैलावल्या, आणि एवढ्याशा डबीकडे डोळे वटारून पाहणारा नवरा बघून खळखळून हसल्या. तेवढ्यात फ्लॅश उडाला.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर लगेच फोटो उमटला. दात दिसत होते, मिचमिचे डोळे दिसत होते, गालावरची खळीही दिसत होती. आता ही 'पुसून टाका' म्हणणार, अशी माईणकरांना धास्ती वाटली. शैलाताई जवळ येऊन फोटो निरखून पाहू लागल्या.

"हसताना मी अशी दिसते?"

"रोज," माईणकर म्हणाले. "माझ्या मोठ्या कॅमेऱ्याला कधी सापडली नाहीस एवढंच."

शैलाताई पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या. "मग काढा अजून एक. या वेळी मी आधीपासूनच हसते."