शुक्रवारचं निनावी पान

निनावी अर्ज मोठ्याने वाचायचा की नाही, यावरच बैठकीची पहिली दहा मिनिटं गेली. शेवटी मुख्याध्यापिका वनिता मॅडमनी त्यातलं एकच वाक्य वाचलं : “नवनाथ सर आमच्या मुलांच्या डोक्यात स्वतःचं राजकारण भरतात आणि त्यांना घरच्या माणसांविरुद्ध उभं करतात.”

सातवीचा वर्ग पालकांनी भरला होता. समीक्षा मुलांच्या बाकात गुडघे अडकवून बसली होती. मांडीवरच्या पिशवीचे बंद तिने आवळून धरले होते.

“अर्ज मी सरांना उत्तरासाठी दिला होता,” मॅडम म्हणाल्या. “सर म्हणतात, उत्तर मुलांनी द्यावं. आता मुलांना कसं विचारायचं? सर कंत्राटावर आहेत. आज समितीचं समाधान झालं नाही, तर सोमवारपासून ते शाळेत नसतील.”

शेजारच्या नम्रताने समीक्षाला कोपराने ढोसलं. “मनोजदादाचंच काम. पक्षाचा माणूस तो. बघ कसा साळसूद बसलाय!”

ते मनोजच्या कानावर गेलंच. “ओ वैनी, मला बोलायचं असतं ना, तर माईक घेऊन बोललो असतो. चिठ्ठ्या लिवायची आपल्याला सवय नाय.”

सगळे हसले. समीक्षा हसली नाही. “असेल कुणीतरी घाबरलेलं,” ती म्हणाली.

“घाबरलेलं कसलं? भित्रं म्हण, भित्रं!” नम्रता म्हणाली.

नवनाथ सर फळ्याजवळ उभे होते. खालापूरच्या पलीकडून मोटरसायकलवर यायचे, खिशाला कायम लाल शाईचं पेन. दर शुक्रवारी ते मुलांना एक विषय द्यायचे आणि एक पान लिहायला लावायचे. अट एकच, पानावर नाव घालायचं नाही. नाव दिसलं की मुद्दा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मुद्दा, मांडणी आणि पुरावा, प्रत्येकाला दहापैकी गुण. सोमवारी प्रत्येक पान न चुकता ज्याच्या त्याच्या बाकावर.

“सरांना सगळ्यांचं अक्षर पाठ असतं गं आई,” समीक्षाची लेक माधवी सांगायची. दिवाळीच्या सुट्टीतला तिचा प्रकल्प समीक्षानेच अख्खा लिहून दिला होता. तो परत आला तेव्हा खाली लाल शाईत होतं : ‘अक्षर मोत्यासारखं. आता माधवीचं पाहू.’ नवरा रसायनीच्या कारखान्यातून घरी आला तेव्हा मायलेकींनी त्याला ते हसत हसत दाखवलं होतं.

“आणखी कुणाला काही बोलायचंय?” मॅडमनी विचारलं.

समीक्षा उठली. गुडघा बाकावर आपटला.

“मला. आमची माधवी जूनमध्ये दुकानात पेन्सिल मागायची तर माझ्या ओढणीआडून. मागच्या महिन्यात तिचं दप्तर आवरताना मला हे पान सापडलं.” तिने पिशवीतून कागद काढला. “विषय आहे, शेलू गावात झाल्यात तशा उंच इमारती आपल्याकडे याव्यात का. हिने लिहिलं, येऊ नयेत. आणि सासऱ्यांनी तर शेत बिल्डरला द्यायचं ठरवलेलं! जेवताना ते म्हणाले, बिल्डिंग आली की गावाचं सोनं हुईल. ही म्हणाली, ‘कशावरून, आजोबा?’ झालं. आठवडाभर घरात अबोला. मला वाटलं, पोरीच्या तोंडून सरच बोलतायत.”

“मंग? अर्जात तेच तर हाय,” मनोज म्हणाला.

“हे दुसरं पान. पुढच्या शुक्रवारचं. विषय तोच, पण सगळ्यांनी उलटी बाजू मांडायची होती. इथे हिने लिहिलंय, इमारती याव्यात. आणि दोन्ही पानांवर पुराव्याला सारखेच गुण, सात.” तिने दोन्ही पानं बाकावर शेजारी शेजारी ठेवली. “हे पान मी फार उशिरा वाचलं.”

मागच्या बाकावरून तिचे सासरे हिरामण काठी टेकत उभे राहिले.

“माज्या मोबाईलवर आलं हुतं, पाला खावा नि साखरेच्या गोळ्या बंद करा. मी केल्या बी बंद. पायाची जखम चिघळली. हीच पोरगी म्हणली, ‘कशावरून, आजोबा? लिवणाऱ्याचं नाव तरी हाय का?’ तिनंच डागतरकडं न्यायला लावलं.” त्यांनी सरांकडे बोट केलं. “मास्तर कंच्या पक्षाचा हाय, त्ये मला आजून कळलं नाय. पन माजा पाय जाग्यावर हाय.”

पुढे फारसं बोलणं झालं नाही. समितीने अर्ज फेटाळला आणि मॅडमनी तो सरांकडे परत दिला. मनोजनेच पहिली टाळी वाजवली.

लोक पांगले तरी समीक्षा थांबली. सर टेबलाशी बसून माधवीच्या वहीत काहीतरी लिहीत होते.

“सर, तुमचे आभार कसे मानू?”

“आभार अर्ज लिहिणाऱ्याचेही मानायला हवेत. आपल्या लेकराला कोण काय शिकवतंय, हे विचारायलाच हवं.”

“पण नाव न घालता, सर?”

“माझ्या वर्गात कोण नाव घालतं?” सर हसले आणि वही तिच्या हातात दिली. “जपून न्या. शाई ओली आहे.”

घरी परतताना दहिवलीच्या पुलावर हिरामण आणि शाळेबाहेर थांबलेली माधवी पुढे गेले होते. ‘कशावरून’वरून दोघांची पुन्हा जुंपली होती. समीक्षाने कठड्याशी थांबून वही उघडली. आत अर्जाची तीन पानं घडी घालून ठेवलेली होती. मुद्दाम डावीकडे कलवून काढलेलं तिचंच अक्षर. ‘एक चिंतातुर पालक’ या सहीखाली लाल शाईत होतं : ‘मुद्दा आठ. मांडणी नऊ. पुरावा शून्य.’

शून्यावर काट मारलेली होती. शेजारी, अजून न वाळलेल्या शाईत : ‘आज मिळाला. दहा.’