फुगलेली कडी

सिलिकॉन रबराची फुगलेली कडी मी खानविलकर साहेबांच्या टेबलावर ठेवली. "तुमच्या सिलिकॉन ग्रीसमध्ये ठेवली होती. बोटांनी फाटते. केबलच्या टोकाचं रबरही सिलिकॉनचंच, तेही असंच फुगेल. तेहतीस हजार व्होल्ट आहेत, साहेब, स्फोट होईल. दुसरं ग्रीस मागवा."

"वर्षानुवर्षं हेच लावतोय आम्ही."

"तेव्हा टोकं चिनी मातीची होती."

"मला अक्कल शिकवू नका, मॅडम! उद्या लाइन चालू करायचीय. सही करा, नाहीतर बदलीची तयारी ठेवा."

मी लाइन चालू करायच्या मंजुरीचा कागद त्यांच्याकडे सरकवला. "तुम्हीच करा. आणि उद्या वायरमनशेजारी उभे राहा."

"राहीन की! घाबरतो काय?" त्यांनी झोकात सही ठोकली.

सकाळी ग्रीस लावून झालं होतं. वायरमन हणमंत केबलशेजारचा स्विच टाकायला हातमोजे चढवत होता. साहेब आले आणि स्विचच्या खोलीच्या दाराबाहेरच थांबले.

"आत या ना, साहेब," हणमंत म्हणाला.

साहेब बुटांकडे बघत राहिले. मग हणमंतवरच खेकसले, "पुसून काढ ते! आणि त्या बाईला विचार, कुठलं ग्रीस पाहिजे तिला."

मी त्यांच्या शेजारीच उभी होते.