स्क्रूड्रायव्हरची मूठ

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची नि दुखणं ओळखायचं, ही रतन मेकॅनिकची डॉक्टरकी. पण तापानं कान गेले आणि कळव्याचं गॅरेज बंद करायची पाळी आली. बोर्ड उतरवायला शिडीसुद्धा आणलेली. शेवटची गाडी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मरायची. “चावी फिरवल्यावर कार्बोरेटरचा सोलेनॉइड, पाय उचलल्यावर पेट्रोल चालू ठेवणारा विजेचा खटका, टिक करतो का, ऐक गं,” तो बायकोला म्हणाला. सगुणा कानाशी ओरडली, “मला मासळीतलं कळतं. तुमचे कान गेले, दात आहेत ना दिवसभर मला चावायला?” रतन थबकला. त्यानं टोक कार्बोरेटरला टेकवलं नि मूठच दातांत धरली. चालू इंजिन कवटीत घुमलं. ते बंद करून सगुणाला चावी फिरवायला लावली, सोलेनॉइड मात्र मुका. खाडीच्या हवेनं गंजलेलं त्याच्या वायरचं टोक रतननं घासलं. “फिरव.” दातांवर टिक वाजली. पाय उचलूनही गाडी गुरगुरत राहिली. स्क्रूड्रायव्हर चावतच रतन बोलला, “शिडी परत देऊन ये.”