बारावी चकती

बाराव्या चकतीभोवती जंतू वाढले नव्हते. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिने प्लेट खिडकीच्या उजेडात धरली, चष्मा ओढणीला पुसला आणि पुन्हा पाहिलं. चकतीभोवती स्वच्छ गोल होता. तिने पट्टी लावली. बावीस मिलिमीटर! पुन्हा लावली. बावीसच.

प्लेटवर तिच्या सख्ख्या दादाच्या जखमेतले जंतू होते. दादा वेल्डर. तीन आठवड्यांपूर्वी पत्र्याने त्याची पोटरी कापली गेली. कामावर खाडा नको म्हणून त्याने आधी शेजाऱ्याकडच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या, मग साडूच्या कॅप्सूल, मग फोरमनच्या डब्यातलं काहीतरी लाल-पिवळं. दोन दिवस घ्यायचं, बरं वाटलं की सोडायचं. जखम चिघळत गेली आणि आता रुग्णालयातली भारी इंजेक्शनंही तिच्यापुढे हात टेकून बसली होती. चकतीगणिक एक औषध, अशी बारा औषधं तिने काल प्लेटवर तपासायला ठेवली होती. पहिल्या अकरा चकत्यांना जंतू अगदी खेटून माजले होते. त्या औषधांचा त्यांना पक्का सराव झाला होता.

घड्याळात साडेनऊ. दहाला दादाचा पाय कापायचा ठरला होता.

प्रयोगशाळेच्या मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पट्टी लावून पाहिली आणि उभ्या उभ्याच सही केली. कागद हातात पडताच ती सुटली. लिफ्टची वाट कोण बघतो! चार मजले ती दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. वरच्या जिन्यात एक चप्पल निसटली, ती तिथेच राहिली. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिला नुसतं "थांब" म्हणून ती आत घुसली.

सर्जन हात धूत होते. त्यांनी कागद वाचला, भुवया उंचावल्या.

"हे जुनं औषध? हे तर हल्ली कुणी लिहूनही देत नाही."

"म्हणूनच शिल्लक राहिलंय, सर," ती धापा टाकत म्हणाली.

सर्जननी नळ बंद केला. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी जखमेची कड गुलाबी दिसू लागली. सातव्या दिवशी दादा वहिनीच्या खांद्यावर हात टाकून वॉर्डच्या दारापर्यंत चालत गेला आणि तिथून बहिणीला "चिमणे!" अशी हाक मारली. लहानपणानंतर त्याने तिला तशी हाक मारली नव्हती. तिला हसावं की रडावं कळेना. तिने तिथेच कॅप्सूलच्या पाकिटाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला, 'हेच ते! बाकी सगळी थकली, याने दादाचा पाय वाचवला!' क्षणात फोन बदामांनी भरून गेला. वहिनीने तो फोटो आनंदाने गल्लीच्या ग्रुपवर आणि फोरमनला पाठवला, फोरमनने वर्कशॉपमध्ये.

दहाव्या दिवशी दादा घरी आला. आणखी दोन आठवडे कॅप्सूल चालू ठेवायच्या होत्या, एकही चुकवायची नाही, असं सर्जननी बजावून सांगितलं होतं. संध्याकाळी चिठ्ठी घेऊन ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. दुकानात लग्नघरासारखी वर्दळ होती आणि दुकानदार भलताच खुशीत होता. चिठ्ठी बघताच त्याने मान हलवली. वर्षभरात एक पाकीट खपत नव्हतं, यावेळी पन्नास मागवली, दोन दिवसांत साफ झाली, म्हणाला. कुणाचा घसा, कुणाची सर्दी, कुणी नुसतं घरात असावं म्हणून नेलं. नव्या मालाला आठवडा लागेल.

तिने चिठ्ठी परत घेतली. "पण हे औषध एवढ्या लोकांना सांगितलं कुणी?"

दुकानदाराने कौतुकाने हसत आपला फोन तिच्यासमोर धरला.

"असं काय करता ताई, तुम्हीच तर."